परिचारिका पुढे, डॉक्टर मागे

खेड्यातील उपकेंद्रात येणाऱ्या रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘डॉक्टर आहेत का?’ समोर बसलेली समुदाय आरोग्य अधिकारी परिचर्येची पदवी घेऊन, वर सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण पुरे करून आलेली असली, तरी या प्रश्नात फरक पडत नाही. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेखाली देशातील दीड लाख उपकेंद्रांचा व प्राथमिक केंद्रांचा कायापालट करण्याचे ठरले. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नवे नाव मिळाले. पाटी बदलली, परंतु रुग्णाच्या मनातील या प्रश्नाचा विचार फारसा झालेला दिसत नाही. महाराष्ट्रात याच जागांवर आयुर्वेदाचे पदवीधरही मोठ्या संख्येने नेमले गेले. त्यांना गाव ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारू शकते, म्हणून येथे तो प्रश्न थोडा झाकला गेला आहे, इतकेच.

रुग्णाचा हा संशय अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्याची सरकारी सवय जुनी आहे. ती सोडली पाहिजे. वैद्यकीय सेवा ही अशी वस्तू आहे की, तिचा कस ग्राहकाला घेण्यापूर्वी पारखता येत नाही आणि घेतल्यावरही क्वचितच येतो. ताप औषधाने उतरला की आपोआप, हे त्याला कोण सांगणार? केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली या बाजाराचे वेगळेपण याच अनिश्चिततेत शोधले होते. जेथे मालाची पारख नाही, तेथे गिऱ्हाईक छाप पाहते. गळ्यातील स्टेथोस्कोप, पाटीवरील अक्षरे, टोचलेली सुई या त्या छापा होत. म्हणूनच प्रशिक्षित परिचारिकेला नाकारणारा तोच माणूस बाजारपेठेतील बिनपदवीच्या ‘डॉक्टर’कडून पैसे मोजून सलाईन लावून घेतो. विद्या कोणाकडे आहे हे त्याला दिसत नाही. दिसते ती उपाधी.

ही छाप अनुभवाने पुसली जाते काय? परदेशातील पुरावा बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये रुग्ण तपासणाऱ्या परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. कॅनडातील बर्लिंग्टन येथे १९७१-७२ मध्ये दोन डॉक्टरांच्या दवाखान्यातील कुटुंबे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात वाटून देण्यात आली. रुग्णांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही, समाधानातही नाही. सुमारे दोनतृतीयांश भेटी परिचारिकांनी डॉक्टरांना न विचारता निभावल्या. गंमत अशी की, दवाखान्याचे उत्पन्न मात्र घटले, कारण परिचारिकेच्या कामाचे पैसे आकारण्याची सोय सरकारी विमायोजनेत नव्हती. रुग्ण तयार होता, तिजोरी तयार नव्हती! न्यूयॉर्कमधील १,३१६ रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. तेथेही प्रकृतीच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या. फक्त सहा महिन्यांनंतर काही गुणांच्या बाबतीत रुग्णांनी डॉक्टरांना किंचित अधिक माप दिले.

परंतु हा दाखला आपल्याकडे जसाच्या तसा लावणे फसवे होईल. न्यूयॉर्कच्या त्या परिचारिकांना डॉक्टरांइतकेच अधिकार होते. बर्लिंग्टनची परिचारिका अडली, तर डॉक्टर त्याच इमारतीत होता. आपली आरोग्य अधिकारी अडली, तर पुढचे केंद्र काही मैलांवर आणि तेथील डॉक्टरची जागा कदाचित रिकामी. शिवाय सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची बरोबरी तेथील शिक्षणाशी करता येत नाही.

यात एक जुना सलही आहे. १९४६ च्या भोर समितीने दुय्यम दर्जाच्या वैद्यकीय शिक्षणाला विरोध करून एकच प्रकारचा डॉक्टर असावा अशी शिफारस केली, तीही काही सदस्यांच्या मतभेदासह. त्या वेळी देशातील निम्म्याहून अधिक डॉक्टर पदवीधर नव्हे, तर अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केलेले होते. पुढे छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तोही वादात सापडून बंद पडला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टर संपावर गेले. डॉक्टरांच्या विरोधात व्यवसायाचा स्वार्थ नाही असे कोण म्हणेल? पण ग्रामीण रुग्णाचा प्रश्न त्याहून साधा आणि अधिक टोचणारा आहे : परिचारिका पुरेशी असेल, तर ती शहरातील ऐपतदारांना का चालत नाही? स्वस्त पर्याय फक्त आपल्याच वाट्याला येतो हे त्याला कळते.

जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले, त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. गावाने त्यांना स्वीकारले, कारण त्या गावातल्याच होत्या, वर्षानुवर्षे तेथेच राहिल्या आणि त्यांच्या पाठीशी एक चालते रुग्णालय उभे होते. नव्या योजनेतील बहुतेक नेमणुका कंत्राटी आहेत. ओळख होते न होते तोच माणूस बदलतो आणि विश्वास पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो. सरकारने या जागांना स्थैर्य द्यावे, औषधांचे कपाट रिकामे राहू देऊ नये, रुग्ण पुढे पाठविण्यासाठी वाहन ठेवावे. आणि मुंबई-पुण्याच्या महापालिका दवाखान्यांतही परिचारिकांचे स्वतंत्र तपासणी कक्ष उघडून दाखवावेत.