दुसऱ्याचा गृहपाठ

मैत्रीवरच्या सिनेमात शेवटी हमखास एक मिठी असते, नाहीतर फलाटावरचा निरोप. अब्बास किआरोस्तामीच्या ‘मित्राचं घर कुठे आहे?’ या १९८७ च्या इराणी सिनेमात यातलं काही नाही. अहमद उशिरा वर्गात येतो, मोहम्मद रझाशेजारी बसतो आणि त्याची वही त्याच्यापुढे सरकवतो. गृहपाठ पुरा झालेला आहे, अहमदनं केलेला. मैत्रीचा याहून सरस प्रसंग मी पडद्यावर पाहिलेला नाही. आणि तो प्रसंग म्हणजे सरळसरळ गुरुजींच्या डोळ्यांत धूळफेक आहे.

मोहम्मद रझानं आदल्या दिवशी गृहपाठ वहीऐवजी सुट्या कागदावर लिहून आणला होता. गुरुजींनी तो वर्गासमोर टराटरा फाडला आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर शाळेतून काढून टाकीन. शाळा सुटल्यावर तो पळता पळता पडतो. अहमद त्याचा पाय धुऊन देतो आणि त्या गडबडीत एकसारख्या दिसणाऱ्या दोन वह्यांपैकी मित्राचीही वही अहमदच्या दप्तरात जाते. मित्र राहतो टेकडीपलीकडच्या पोश्ते गावात. घर कुठलं, ते अहमदला ठाऊक नाही.

वही परत द्यायला हवी, एवढंच तो आईला सांगतो. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आई धुणं धुतेय. बाळ रडतंय, त्याला बघ, आधी गृहपाठ कर, भाकरी आण. पोराला उंडारायला जायचंय म्हणून ही सबब, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलंय. तिला दुष्ट म्हणता येत नाही, हीच गंमत. कामाच्या रगाड्यात मुलाचं अर्धं वाक्य ऐकणारी आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आजोबांची तऱ्हा निराळी. खिशात सिगारेटी असूनही ते अहमदला सिगारेटी आणायला पिटाळतात, का तर पोराला शिस्त लागावी. लहानपणी आपल्याला वडिलांकडून आठवड्याला एक नाणं आणि पंधरवड्याला मार मिळायचा. नाणं ते कधीमधी विसरत, मार मात्र कधी विसरले नाहीत, हे आजोबा कौतुकानं सांगतात.

अहमद टेकडी चढून पोश्तेला जातो, परत येतो, पुन्हा जातो. दोरीवर वाळत घातलेली पँट मित्राच्या पँटसारखी दिसली, एवढ्या पुराव्यावर एका घरी चौकशी करतो. अंधार पडल्यावर दारं-खिडक्या बनवणारा एक म्हातारा सुतार रमतगमत त्याला वाट दाखवतो आणि वहीत ठेवायला एक फूल देतो. घर काही सापडत नाही.

समीक्षक त्या फुलावर फार लिहितात. मला ते थोडं गोडच वाटतं. मोठेपणा आहे तो त्याच रात्री घेतलेल्या निर्णयात. मोठ्यांना सांगून, विनवून, रस्ता विचारून काही होत नाही, हे कळल्यावर अहमद न जेवता दोन गृहपाठ लिहायला बसतो. वयात येण्याच्या गोष्टींत पहिलं प्रेम असतं, पहिली मारामारी असते; इथे पहिली लबाडी आहे, तीही दुसऱ्यासाठी. गृहपाठ वहीतच हवा, हा गुरुजींचा नियम तो अक्षरशः पाळतो, आणि गुरुजी वही पाहून शाबासकी देतात. मुलांच्या बौद्धिक विकासासाठी स्थापन झालेल्या एका इराणी संस्थेनं हा सिनेमा काढला, हे वाचून मला आजही हसू येतं.

या भूमिका करणारी दोन्ही मुलं चित्रीकरण झालं त्याच भागातली, खऱ्या आयुष्यात भाऊ-भाऊ. १९९० मध्ये तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा किआरोस्तामी त्यांना शोधायला निघाला आणि त्या शोधावर त्यानं नंतर एक सिनेमा केला. मुलं वाचली होती.

घरातल्या मुलांना हा सिनेमा जरूर दाखवा. संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असं मात्र विचारू नका.