गुडघा दुखतो, पण फोटोत काही नाही!



या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. पत्र पंचेचाळिशीच्या एका भगिनीचं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्या लिहितात, "दोन वर्षं उजवा गुडघा दुखतो. जिना उतरताना तर डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि झीज अगदी किरकोळ आहे म्हणाले. तेव्हापासून घरात माझा गुडघा हा थट्टेचा विषय झाला आहे. पाहुणे यायचे म्हटले की हिचा गुडघा दुखतो, असं सगळे म्हणतात. आणि खरं सांगू का ताई, पाहुणे यायच्या वेळी तो जास्त दुखतोच! मग हे दुखणं माझ्या मनाचंच का?"

मुळीच नाही. तुमचं दुखणं खरं आहे, आणि पाहुण्यांच्या वेळी ते वाढतं हेही खरं आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, तेच आज समजून घेऊ या.

आधी त्या फोटोविषयी. गुडघ्याच्या एक्स-रेवरून झिजेच्या पायऱ्या ठरवण्याची जी पद्धत आजही वापरतात, ती केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली घालून दिली. शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या. शून्य म्हणजे झीज नाही, चार म्हणजे भरपूर झीज. पण फोटोत दिसतं ते हाड. दोन हाडांमधली गादी, म्हणजे कूर्चा, त्यात दिसतच नाही. मधली फट किती उरली यावरून तिचा अंदाज करायचा. आणि गंमत अशी, की या कूर्चेला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, आजूबाजूचे स्नायुबंध. म्हणून तर चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन एखाद्या आजी पंढरीची वारी करून येतात आणि पहिल्या पायरीवरची बाई जिन्यात रडकुंडीला येते. फोटोत झीज दिसते, दुखणं दिसत नाही.

मग पाहुण्यांचा आणि गुडघ्याचा संबंध काय? इथे ताण येतो. ताण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मनाचा मामला. पण हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ सालीच उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की त्रास कोणत्याही प्रकारचा असो, शरीर ठरावीक तऱ्हेने त्याची नोंद घेतं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात येतं. ते वाईट नव्हे बरं का! सकाळी उठल्यावर ते वाढतं, कामाला बळ देतं, आणि दिवस कलेल तसं उतरत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी होतं. ताण आला की ते पुन्हा वर चढतं. प्रसंग टळला की उतरलं पाहिजे. पण परीक्षा, आजारपण, देणी, माणसांचे रुसवे असं एकामागून एक चालूच राहिलं, तर हा रोजचा चढ-उतार बिघडतो. कोणाचं कॉर्टिसॉल चढलेलंच राहतं, तर कोणाचा सकाळचा चढच बोथट होतो. सतत मंद आचेवर ठेवलेलं दूध उतू जात नाही, पण आटत राहतं. तसं काहीसं शरीराचं होतं.

आणि हे मोजता येतं. रक्तात, लाळेत, एवढंच काय केसांतसुद्धा! केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे डोक्यालगतचे तीन सेंटिमीटर केस तपासले, की गेल्या तीन महिन्यांतल्या कॉर्टिसॉलचा अंदाज येतो. दुसरी खूण म्हणजे सीआरपी. शरीरात कुठे दाह असला की यकृत ते तयार करतं. अशा झिजेच्या रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली घेतला गेला. त्यात सीआरपीचा संबंध फोटोतल्या झिजेपेक्षा दुखण्याशी आणि हालचालीतल्या अडचणींशी आढळला. संबंध मोठा नव्हता, पण होता.

तिसरी खूण अधिक नवलाची आहे. आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांना बुटाच्या नाडीच्या टोकासारखी टोपणं असतात, त्यांना टेलोमिअर म्हणतात. वयाबरोबर ती आखूड होतात. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी २००४ साली अठ्ठावन्न आयांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या होत्या. जितकी अधिक वर्षं शुश्रूषा, तितकी टोपणं आखूड! (टेलोमिअरवरच्या कामासाठी ब्लॅकबर्नबाईंना पुढे २००९ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.) नंतर २०१२ साली अमेरिकेत गुडघेदुखीच्या रुग्णांवरही अशी एक लहानशी पाहणी झाली. ज्यांना दुखणंही होतं आणि ताणही जास्त होता, त्यांची टोपणं दुखणं-ताण नसलेल्यांपेक्षा आखूड आढळली. मोजक्या माणसांची पाहणी, म्हणून त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढायचा नाही. पण ताण शरीरावर उमटतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

शिवाय दुखण्याची वार्ता मेंदूकडे नेणारी यंत्रणाही बदलते. दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. मग साधा स्पर्शही टोचतो. अपुरी झोप आणि ताण हा हळवेपणा वाढवतात. दुखण्यामुळे झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिडीने पुन्हा दुखणं, असं हे चक्र आहे. माझ्या सासूबाईंचा गुडघा वर्षानुवर्षं तोच आहे. पण माझे दीर इस्पितळात होते त्या महिन्यात त्यांना पलंगावरून उठवेना. दीर घरी आले आणि त्या पुन्हा देवळापर्यंत जाऊ लागल्या. आम्ही कोणी त्याला नाटक म्हटलं नाही.

पण हे वाचून लगेच प्रयोगशाळेत कॉर्टिसॉल तपासायला धावू नका. या खुणा संशोधनासाठी आहेत. तुमचं दुखणं किती हे कोणतीही रक्ततपासणी सांगत नाही. डॉक्टर सीआरपी करायला सांगतात ते मुख्यतः आमवातासारखं दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. जगभरातल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखतं म्हणतो त्याचा मान राखावा, असं स्पष्ट नमूद केलं आहे.

आता आपल्या हातात काय?

मांडीचे स्नायू बळकट करा. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, मनात दहा आकडे मोजा, हळूच खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखलं तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं, तर संख्या कमी करा. सपाट रस्त्यावर रोज चाला. विश्रांती म्हणून सारखं बसून राहिल्याने गुडघा आखडतो.

वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. एक किलो वजन घटलं, की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. पंचावन्न वर्षांवरच्या, वजन जास्त असलेल्या ४५४ जणांवर दीड वर्ष केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांना सर्वांत जास्त आराम पडला. त्यांच्या रक्तातली दाहाची एक खूणही नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झाली.

उकिडवं बसणं टाळा. भाजी निवडणं, नारळ खवणं टेबलाशी बसून करा. लादी लांब दांड्याच्या फडक्याने पुसा. संडासात कमोड नसेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा. त्यात लाज कसली?

झोपेची वेळ पाळा. सगळ्यांचं आवरून रात्री साडेअकराला पाठ टेकायची आणि पाचला उठायचं, असं असेल तर गुडघ्याला औषध कसं लागू पडणार?

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब सगळ्यांवर परिणाम होतो. "आठ दिवसांत आराम" म्हणणाऱ्या बिनानावाच्या पुड्या तर नकोतच. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ते कॉर्टिसॉलचंच भावंड. आधी झटपट बरं वाटतं, मग हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. कोणी बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंदही करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. गुडघा लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, अडकून बसला किंवा अंगभार पेलवेना, तर मात्र दुखणं अंगावर न काढता लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि पत्र लिहिणाऱ्या ताई, पाहुण्यांच्या दिवसांचं आता सरळ गणित मांडा. त्या दिवशी किती तास उभ्या असता, किती वेळा वाकता, किती झोपता, हे कागदावर लिहा. त्यातली दोन कामं मुलांना आणि एक यजमानांना वाटून द्या. पोळ्या बाहेरून आणल्या तरी पाहुणे उपाशी जात नाहीत. हे पान घरात सगळ्यांना वाचायला द्या, आणि महिन्याभराने गुडघा कसा आहे ते मला जरूर कळवा.