पुरवणीतले राजकारण

२००९ सालची दिवाळी मोठ्या चमत्कारिक दिवसांत आली होती. विधानसभेचे मतदान १३ ऑक्टोबरला झाले, लक्ष्मीपूजन १७ ला आले आणि मतमोजणी व्हायची होती २२ ला. मतदान यंत्रे कुलपात, उमेदवार फराळाच्या ताटावर, आणि कार्यकर्ते ‘सीट आपलीच’ म्हणत गुलालाची ऑर्डर आगाऊ देऊन बसलेले. त्या वर्षी रद्दीवाल्यांची चंगळ झाली असणार, कारण मतदानाआधीचे दोन आठवडे मराठी वर्तमानपत्रे भलतीच जाडजूड येत होती. पानेच्या पाने रंगीत पुरवण्या. हसतमुख नेता, मागे पूल, धरण किंवा शाळेची इमारत, आणि मथळ्यात विकासाची गंगा.

ही पाने बातमी होती की जाहिरात, हे तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. निकाल लागल्यावर ‘द हिंदू’चे पी. साईनाथ यांनी विचारले. त्यांनी वर्तमानपत्रांची चळत समोर मांडली तेव्हा दिसले ते असे: तीन मराठी दैनिकांत, तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नेतृत्वाची वाखाणणी करणारा एकच लेख शब्दशः छापून आला होता. मालक वेगळे, संपादक वेगळे, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी वर्तमानपत्रे, पण लेखातला काना-मात्राही सारखा. ज्याने कधी डेस्कवर काम केले आहे त्याला यातली गंमत लगेच कळेल. वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमीसुद्धा दोन वर्तमानपत्रांत सारखी येत नाही. कुणीतरी उपसंपादक ‘म्हणाले’चे ‘सांगितले’ करतो, कुणी दुसरा परिच्छेद वर घेतो, कुणी जागा नाही म्हणून शेपूट छाटतो. ज्या मजकुराला कुणाचा हातच लागलेला नाही, तो संपादकीय विभागाच्या दारातून आत आलेला नसतो.

चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा एकूण खर्चाची मर्यादा १० लाखांची होती. मोठ्या दैनिकाचे पूर्ण रंगीत पान पाच हजारांत येत नाही, हे जाहिरात विभागातला शिकाऊ पोरगाही सांगेल. वर्तमानपत्रांच्या बाजूने खुलासा आला की, आम्ही हे आपखुशीने छापले, पैसे घेतले नाहीत. प्रकरण आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने, खर्चाचा हिशेब रीतसर दिलेला नाही असा ठपका ठेवून चव्हाणांना अपात्र का ठरवू नये अशी नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. त्याआधीच, मे २०१४ मध्ये, चव्हाण नांदेडमधून लोकसभेवर निवडूनही आले होते. कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला, आणि न्यायालयाचा निकाल मानायचाच असतो. मात्र ‘पैसे घेतले नाहीत’ हा खुलासा खरा मानला, तर वाचकाची अडचण उलट वाढते. तीन प्रतिस्पर्धी संपादकांना एकाच मुख्यमंत्र्याबद्दल, त्याच शब्दांत, आपखुशीने उमाळा येतो, हे समजून घ्यायचे तरी कसे?

त्या निवडणुकीत ‘पॅकेज’ हा शब्द उघडउघड बोलला जात होता. एवढ्या पैशांत उमेदवाराचा परिचय, एवढ्यात मुलाखत, आणखी थोडे मोजले तर प्रतिस्पर्ध्याच्या सभेला ‘तुरळक गर्दी’. ज्याच्याकडे पैसे नव्हते तो अपक्ष किंवा छोट्या पक्षाचा उमेदवार वर्तमानपत्रात जन्मालाच आला नाही. मला यातले हेच सर्वांत गंभीर वाटते. स्तुती माणूस सवयीने वीस टक्के वजा करून वाचतो. जे छापलेच नाही, ते वजा कशातून करणार?

प्रेस कौन्सिलने या सगळ्याच्या चौकशीसाठी परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, नावानिशी. कौन्सिलने तो बाजूला ठेवून एक आटोपशीर, बिननावाचा अहवाल पुढे केला. मूळ अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये. दुसऱ्यांची अंडीपिल्ली बाहेर काढण्यावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्या बाबतीतला अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागावा लागला! त्याच साली उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पैसे देऊन छापून आणलेल्या बातमीचा खर्च दडवल्याबद्दल निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. अशा कारणावरून झालेली ती पहिली कारवाई.

आता यावर एक ठरलेला सूर निघतो: पूर्वीची पत्रकारिता निःपक्षपाती होती, अलीकडे बिघडली. मला हे अजिबात पटत नाही. मराठी वर्तमानपत्र पहिल्यापासून कुणाची ना कुणाची बाजू घेत आले आहे. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. पुढे दोघांचे पटेना, तेव्हा आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. संमतिवयाच्या वादात केसरी काय म्हणणार आणि सुधारक काय म्हणणार, हे वाचकाला अंक हातात पडण्याआधीच ठाऊक असे. १९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांपायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळखही नव्हती. केसरी एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, अशी रीत होती. एवढा प्रभाव आजच्या कुठल्या चॅनेलने पाडून दाखवावा.

त्याच केसरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. नव्या पाक्षिकाची जाहिरात छापावी म्हणून केसरीला विनंती केली, पैसे मोजायचीही तयारी दाखवली. केसरीने जाहिरात छापली नाही. एक अक्षर विरोधात लिहिले नाही, फक्त जागा दिली नाही. जनमत घडवण्याचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त तंत्र आहे, आणि पुण्यातल्या तेव्हाच्या नावाजलेल्या मंडळींना ते चांगले अवगत होते. म्हणूनच बहिष्कृतांना स्वतःचे वर्तमानपत्र काढावे लागले आणि एकदा काढून भागले नाही. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी ओळच लागली.

आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त तारतम्य शोधायला कुणी जात नव्हते. १५ नोव्हेंबर १९५६ ला निघालेले ते दैनिक संयुक्त महाराष्ट्राचे रणशिंग होते आणि तसे ते छातीठोकपणे सांगत होते. पण मला त्याहून अधिक विचार करायला लावते ते ‘मार्मिक’चे उदाहरण. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकऱ्यांच्या या व्यंगचित्र साप्ताहिकाचे प्रकाशन खुद्द यशवंतराव चव्हाणांनी केले. त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली नुसत्या याद्या येऊ लागल्या: मुंबईतल्या कंपन्या आणि कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या. अग्रलेख नाही, युक्तिवाद नाही. आडनावामागून आडनाव वाचत जायचे आणि मराठी आडनाव कुठे सापडते का ते पाहायचे. दादर-परळच्या चाळीत नोकरीची वाट पाहत बसलेल्या पदवीधराला आणखी काय सांगायला हवे होते? १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिची जमीन या स्तंभाने नांगरून ठेवलेली होती. यादीतली नावे खरी असतील, पण यादी अर्धीच होती. इंग्रजी टंकलेखन, लघुलेखन शिकून आलेली दाक्षिणात्य मुले कशी पुढे गेली, भांडवल कुणाच्या हातात होते, गिरण्यांतला मराठी माणूस कुठे होता, हे रकाने त्यात नव्हते. रोष वळला तो उडुपी हॉटेलांच्या काचांकडे.

तरीही ‘मार्मिक’ घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे माहीत होते. पक्ष असणे हा वर्तमानपत्राचा दोष नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी या पानावर पूर्वीही मांडले आहे. ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘मराठा’, ‘मार्मिक’ यांनी आपापला झेंडा दारावर लावला होता. २००९ मध्ये झेंडा उतरवून आत ठेवला गेला आणि दारावर ‘वृत्तपत्र’ अशी पाटी राहिली.

हे सगळे मुंबईच्या मोठ्या इमारतींत ठरते असे मानणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या गावी यावे. तालुका वार्ताहराला मिळणारे मानधन सांगायलाही संकोच वाटावा इतके असते. त्याचे घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. कार्यालयाकडून उद्दिष्ट ठरवून येते: वर्धापनदिन विशेष, पाडवा विशेष, दिवाळी विशेष. दसऱ्याच्या सुमाराला साखर कारखान्यांची बॉयलर अग्निप्रदीपनाची जाहिरात येते, मग गळीत हंगामाच्या शुभारंभाची, मग अध्यक्षांच्या वाढदिवसाची अभीष्टचिंतन पुरवणी. ही पुरवणी भरायची म्हणजे वार्ताहराने कारखान्याच्या ठेकेदारांपासून पतसंस्थेच्या व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकाकडे ‘साहेबांच्या पुरवणीत तुमची शुभेच्छा असू द्या’ म्हणत फिरायचे. मग त्याच माणसाने त्याच कारखान्याच्या वार्षिक सभेत बसून थकीत एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, आणि काटामारीचा प्रश्न विचारायचा, अशी आपली अपेक्षा! सभासद ओरडून विचारतात, माईक बंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी छापून येते, ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न’. ही ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की, खेळीमेळी हा शब्द दिसला की तिथे खुर्च्या फेकल्या गेल्या असाव्यात असे मी गृहीत धरतो. या वार्ताहराला भ्रष्ट म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. त्याला पगार न देणाऱ्याला मात्र काहीतरी म्हणायला हवे.

दूरचित्रवाणीबद्दल फार लिहीत नाही, ती आपण सगळेच पाहतो. एकच उन्हाळा-पावसाळा आठवावा, २०२० चा. ३१ ऑगस्टला आकडा आला की, आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसली. ११ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या करोना रुग्णांची एकूण संख्या १० लाखांवर गेली. त्या दिवसांत पडद्यावर रात्रंदिवस काय चालू होते? सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मृत्यू, आणि त्या प्रकरणात नाव आलेल्या एका तरुणीच्या इमारतीखाली तिच्या गाडीमागे धावणारे कॅमेरे. बिहारमध्ये निवडणूक तोंडावर होती, तिथे त्या अभिनेत्याच्या छायाचित्राचे स्टिकर निघाले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ‘मीडिया ट्रायल’वर कडक ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तो किती चॅनेलांनी किती मिनिटे दाखवला हे वाचकांनीच आठवून पाहावे. मोबाईलवर पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशांचा प्रकार याहून वाईट आहे, पण तिथे निदान कुणी स्वतःला संपादक म्हणवून घेत नाही.

आणि या व्यवहारात वाचक अगदीच बिचारा नाही. वर्तमानपत्र चार-पाच रुपयांत घरपोच हवे, त्यासोबत बादली किंवा डबा मिळत असेल तर उत्तम, आणि महिनाअखेर रद्दीचे पैसे सुटे. त्या किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही. उरलेले पैसे कुणीतरी भरतो, आणि जो भरतो तो आपले म्हणणे पुढे करतोच. दिवाळी अंकांचेही तेच. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या परंपरेतले आज निघणारे बहुतेक अंक जाहिरातींच्याच जोरावर उभे आहेत. तुमच्या हातातला हा अंकही तसाच आहे. सहकारी बँका, बांधकाम व्यावसायिक, सराफ आणि तीन वेगवेगळ्या पक्षांचे ‘शुभेच्छुक’ या अंकात आहेत. त्यांचे आभार मानतो. त्यांच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ असे ठसठशीत छापले आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाचीही मुलाखत आत नाही. एकाने अर्ध्या पानाऐवजी पूर्ण पान घेतो, पण सोबत परिचय छापा, असे सुचवले होते. ते पान या अंकात नाही.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. येत्या निवडणुकीत पुरवणी हातात आली की, आधी कोपरे पाहा. ‘प्रायोजित’, ‘विशेष प्रसिद्धी’, ‘मीडिया उपक्रम’ असे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत काही आहे का ते शोधा, आणि नसेल तर संपादकाला पत्र लिहून हे कुणाच्या पैशाने छापले ते विचारा. या अंकातही जाहिरात आणि मजकूर यांची सरमिसळ कुठे आढळली, तर पान क्रमांकासह कळवा. पत्र पुढच्या अंकात, नावानिशी, याच पानाशेजारी छापू.