घरात नेट घेताय? आधी दुरुस्तीचे बोला



गेल्या हंगामात आमच्या वस्तीवरून उसाचा भरलेला ट्रेलर निघाला. मोळ्यांचा थर नेहमीप्रमाणे आभाळाला टेकलेला. रस्त्यावरून आडवी गेलेली नेटची काळी केबल त्यात गुंतली आणि तुटली. नऊ दिवस घरातले नेट बंद. थोरली सून पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते, ती लॅपटॉप घेऊन माहेरी जाऊन बसली. नातवाच्या सीईटीच्या अर्जासाठी मला तालुक्याला दोन हेलपाटे पडले. रोज फोन करायचा आणि रोज एकच उत्तर, 'माणूस पाठवतो.' सोडून दुसरी लाईन घ्यावी, तर दोन महिने फुकट मिळतात म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरून बसलेलो. आता बोला!

त्यामुळे अनुभवाने सांगतो, नेट घेताना आपण चुकीचा प्रश्न विचारतो. 'स्पीड किती आणि पैसे किती' एवढेच आपण पाहतो. तुटल्यावर कोण येणार आणि किती दिवसांत येणार, हा पहिला प्रश्न पाहिजे.

बेणे घेताना आपण जाहिरात वाचून घेत नाही. शेजारच्या प्लॉटात उभे राहून ऊस बघतो, मगच गाडी भरतो. तसेच इथे करावे. ज्यांच्याकडे ती लाईन आहे अशा तीन घरी जाऊन विचारावे की मागच्या वेळी लाईन कधी गेली, किती दिवसांनी आली, शिडी घेऊन येणारा पोरगा फोन उचलतो का. खेड्यात कंपनीचे नाव मोठे असले तरी पुष्कळदा लाईन ओढणारा गावचा केबलवालाच असतो. बीएसएनएलची फायबर सेवासुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फतच चालते. म्हणून एकाच कंपनीची सेवा एका गावात चोख, तर ओढ्यापलीकडच्या गावात रडकी असते. बिलावरचे नाव बघून फसू नये.

फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा. विजेच्या वायरीसारखा पिळून टेप मारून तो जोडता येत नाही. नीट जोडायला स्प्लायसिंग मशीन लागते. ते त्या माणसाकडे स्वतःचे आहे का, की दर वेळी तालुक्याहून मागवतो, एवढे विचारले तरी निम्मा उलगडा होतो. घरातल्या डबीवर एलओएस नावाचा तांबडा दिवा लागला, तर बहुधा बाहेर कुठे तरी धागा तुटला किंवा दबला असे समजावे. मग डबी बंद-चालू करीत बसू नये, तडक तक्रार द्यावी. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहून ठेवावा. कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागायची सोय आहे, पण क्रमांकाशिवाय तिथे कोणी ओळख देत नाही.

आता स्पीड. 100 एमबीपीएस म्हटले की आपल्याला वाटते सेकंदाला शंभर एमबी उतरणार. ते माप बिटचे असते. आठाने भागा, म्हणजे साडेबारा एमबी. टनेज वेगळे आणि उतारा वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चांगल्या चित्राच्या व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस लागतात. चार-पाच माणसांच्या घराला 40 ची लाईन पुरते, फक्त ती 40 ची 40 आली पाहिजे. पुष्कळदा लाईन ठीक असते आणि आपल्या दोन फुटी दगडी भिंतीच वायफाय खातात. राऊटर माजघराच्या कोनाड्यात न ठेवता घराच्या मध्यावर उंच ठेवावा.

'अनलिमिटेड' शब्दालाही बांध असतो. बऱ्याच फायबर योजनांत महिन्याला 3300 जीबी झाले की वेग उतरतो. तेवढे शेतकऱ्याच्या घरात सहसा संपत नाही, तरी विचारून घ्यावे. छापलेल्या 500 रुपयांवर 18 टक्के जीएसटी धरून 590 होतात, हेही हिशेबात धरा.

वीज गेली की नेट जाते. घरच्या डबीला बारा व्होल्टचा छोटा बॅकअप बसवता येतो. पण जिथून लाईन सुटते त्या केबलवाल्याच्या केंद्रात बॅटरी नसेल, तर आपला बॅकअप नुसताच दिवा दाखवतो.

एअरटेल आणि जिओ या दोघांनी 2023 साली बिनकेबलचे एअरफायबर सुरू केले. छपरावर डबा बसतो, टॉवरवरून नेट येते, ट्रेलरची भीती नाही. पण फाइव्ह-जीचा टॉवर जवळ पाहिजे, आणि संध्याकाळी सगळे गाव मोबाईल घेऊन बसले की वेग बसतो. पैसे भरण्याआधी रात्री आठला स्पीड मोजून दाखवायला सांगावे. कोणी म्हणतील, ग्रामपंचायतीत भारतनेटची लाईन आली आहे, मग घरचे पैसे कशाला? 2011 साली मंजूर झालेली ती योजना मुळात पंचायतीपर्यंत फायबर नेण्याची. तिथून आपल्या उंबऱ्यापर्यंत कोणी तरी ओढावेच लागते.

मी आता दुसऱ्याची लाईन घेतली आहे. महिन्याला थोडे जास्त जातात, पण महिन्याचेच भरतो, आणि तो पोरगा वस्तीपासून दोन किलोमीटरवर राहतो. पावसाळ्यात एकदा लाईन गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी जोडून गेला.

जाता जाता आपल्या घरचेही बोलतो. केबलवाल्यांनी वायर उंच बांधावी हे खरेच. पण वायर तोडणारे ट्रेलर आपल्याच कारखान्याला येतात. शेतकी खात्याने यंदा वाहतूक ठेकेदारांशी करार करताना मोळ्यांच्या उंचीची अट नुसती कागदावर न ठेवता गट ऑफिसला मोजून घ्यावी, आणि केबल तोडून पुढे जाणाऱ्या गाडीचा नंबर सभासदाने कळवला, तर दुरुस्तीचा खर्च वाहतुकीच्या बिलातून कापावा. वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांची लाईन अशी तुटली असेल त्यांनी तारीख आणि शिवाराचे नाव गट ऑफिसात लिहून द्यावे.