ग्रीन कार्डची रांग आणि प्रकाशाचा जन्मदाखला

नोकरीच्या आधारे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, वर्षाला साधारण १,४०,००० जणांना मिळतो. अर्जदाराचा जोडीदार आणि मुलेही याच आकड्यात धरली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सहसा ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. आइसलँड असो वा भारत, मर्यादा तीच. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशासारख्या गावातून शहादा, पुणे, हिंजवडी असे टप्पे घेत अमेरिकेकडे निघालेल्या संगणक अभियंत्याच्या घरी पगार आणि विमानाचे भाडे पाठ असते. हे दोन नियम क्वचितच ठाऊक असतात. त्यामुळे काही ठाम समजुती रुजल्या आहेत. त्या तपासल्याशिवाय योग्य वाट सांगता येणार नाही.

पहिली समजूत अशी की मुलगा हुशार असेल तर व्हिसा मिळतोच. १९९० च्या कायद्याने घडलेला एच-१बी व्हिसा वर्षाला ६५,००० जणांना, आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्या आणखी २०,००० जणांना मिळतो. मागणी याच्या कितीतरी पट असल्याने निवड संगणकीय सोडतीने होऊ लागली. पदवी आणि काम यांचा मेळ हवा, पण तेवढ्याने माणूस फक्त सोडतीच्या दारापर्यंत पोहोचतो. २०२३ च्या सोडतीसाठी सुमारे ७.८ लाख नोंदण्या झाल्या. पुढच्या वर्षी त्या ४.८ लाखांवर आल्या. ही घट हुशारी आटल्यामुळे झाली नाही. एकाच उमेदवाराची अनेक कंपन्यांकडून नोंदणी करून संधी वाढवण्याची युक्ती बोकाळली होती. २०२४ पासून निवड नोंदणीगणिक न होता माणसागणिक होऊ लागली आणि युक्ती निकामी झाली. २०२६ पासून वरच्या वेतनपातळीला झुकते माप देणारा नियम आला आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा भार टाकला. त्याचा घाव पुण्यात बसून वाट पाहणाऱ्यावर पडतो. अमेरिकेत शिकत असताना तिथेच दर्जा बदलून घेणारा त्यातून सुटतो. दोघांच्या बुद्धीत फरक नाही, फरक ते कुठे आहेत याचा आहे.

दुसरी समजूत जास्त महाग पडते: व्हिसा लागला की पाच-सात वर्षांत ग्रीन कार्ड. पदव्युत्तर पदवीधारकांच्या दुसऱ्या वर्गाला एकूण कोट्याचा २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,००० परवाने येतात. त्याचे ७ टक्के २,८०० होतात. या वर्गातील भारतात जन्मलेल्या साऱ्या अर्जदारांसाठी, त्यांच्या कुटुंबांसकट, हा वर्षाचा मूळ वाटा आहे. इतर देशांचे न वापरलेले परवाने कधीमधी त्यात पडतात. तरीही २०२५ मध्ये या वर्गात आणि पदवीधर व कुशल कामगारांच्या तिसऱ्या वर्गातही २०१२-१३ साली रांगेत लागलेल्या भारतीयांचाच नंबर येत होता. आज रांगेत उभा राहणारा बारा वर्षांत पुढे पोहोचेल असे यावरून कोणी धरू नये, कारण त्याच्यापुढची गर्दी तेव्हापेक्षा कितीतरी मोठी आहे. या काळात मूल २१ वर्षांचे झाले तर, कायद्यातील काही वजावट सोडता, ते पालकांच्या अर्जातून गळते.

ही रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्मदेशावरून ठरते. मस्कतला जन्मलेला मराठी मुलगा भारतीय नागरिक असूनही ओमानच्या मोकळ्या रांगेत उभा राहतो, आणि विवाहित अर्जदाराला जोडीदाराच्या जन्मदेशाची रांगही घेता येते. प्रकाशात जन्मलेल्याचा गुण याने कमी होत नाही, पण त्याचा नंबर लांबतो. या व्यवस्थेला गुणवत्तेची परीक्षा म्हणणे ही तिची फुकटची भलावण आहे.

कंपनी सगळे पाहून घेते, ही तिसरी समजूत. कंपनी अर्ज करते हे खरे, पण स्वतःच्या गरजेपुरता. नोकरी गेली की दुसरी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ग्रीन कार्डासाठीच्या श्रमप्रमाणपत्राचा, म्हणजे त्या कामाला लायक अमेरिकी माणूस मिळत नसल्याच्या सरकारी दाखल्याचा, आणि त्यातील वकिलाचा खर्च कायद्याने मालकानेच करायचा असतो. तो उमेदवाराकडून मागणारी ‘कन्सल्टन्सी’ पहिल्याच पावलाला संशयास्पद समजावी.

एवढे ऐकून काही जण उलट टोक गाठतात: मग जायचेच कशाला, प्रकाशा बॅरेजचे पाणी आणि काळी जमीन असताना? हेही टिकत नाही. एच-१बीची मुदत सहा वर्षांची असली, तरी मालकाचा स्थलांतर अर्ज, म्हणजे आय-१४०, मंजूर होऊन नंबर अडलेला असेल तर २००० च्या कायद्यानुसार तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. अशा मंजुरीनंतर जोडीदारालाही २०१५ पासून कामाची परवानगी मागता येते. शिवाय परदेश म्हणजे फक्त अमेरिका नव्हे. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांत, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांत, कायम वास्तव्याचा हक्क मिळू शकतो. कॅनडात २०१५ पासून वय, भाषा, शिक्षण आणि अनुभव यांच्या गुणांवर निवड होते आणि तिथे जन्मदेशाची रांग नाही.

तेव्हा खरी वाट कोणती? व्हिसा मालकावर अवलंबून असतो. रांगेतली तारीख, म्हणजे नंबर ज्या दिवसापासून धरला जातो ती, मात्र माणसाची असते. आय-१४० मंजूर झाला की कंपनी बदलली तरी, फसवणूक किंवा गंभीर चूक निघाली नाही तर, ती तारीख पुढच्या अर्जाला लागते. म्हणून अमेरिकेत पोचल्यावर पगारवाढीआधी श्रमप्रमाणपत्राची विचारणा करावी. सहा वर्षांची मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी ही प्रक्रिया सुरू झालेली असली पाहिजे, नाहीतर मुदतवाढीचा आधार निसटू शकतो. स्वतःच्या कामाला राष्ट्रीय महत्त्व आहे हे दाखवू शकणाऱ्याला मालकाशिवायही अर्ज करता येतो, पण रांग त्यालाही चुकत नाही.

उरली कागदपत्रे, आणि हे काम गावातच होते. अंतिम अर्जाला जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने घर प्रकाशात आणि नोंद गुजरातेत निझरला किंवा मध्य प्रदेशात खेतियाला, असे या सीमाभागात सहज घडते. मग घरचे लोक प्रकाशाच्या ग्रामपंचायतीची वही चाळत बसतात. कुठे नोंद असते, पण बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘धुळे’ आणि पासपोर्टवर ‘नंदुरबार’ दिसते. दोन्ही बरोबर असतात, पण परक्या अधिकाऱ्याला ते समजावून सांगावे लागते. लग्नानंतर मधले नाव, आडनाव आणि कधी पहिले नावही बदललेल्या सुनेची कागदपत्रे तर एकमेकांना ओळखतच नाहीत. नोंद मुळीच नसेल तर नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडता येतात. ती वडीलधारी माणसे अर्जाच्या वेळी हयात असतीलच असे नाही.

एका वर्षाहून जुन्या जन्माची नवी नोंद करायची तर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि तो टेक्सासमध्ये बसून मिळवणे जिकिरीचे आहे. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यांनी पासपोर्टच्या अर्जाआधी आजोळच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंद पाहून यावी.