कारागृहाला परिचारिका हवी, तीही पारखून घेतलेली

महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने २०२४ च्या सुरुवातीला २५५ पदांची भरती जाहीर केली होती. त्यात १२५ लिपिक, २७ मिश्रक, ८ प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि १२ शिक्षक होते. सुतारकाम, लोहारकाम, बेकरी, चर्मकला यांचे निदेशक होते, ब्रेल लिपी शिकवणाऱ्याचेही एक पद होते. कारागृह ही माणूस सुधारण्याची जागा आहे, हा विचार त्या यादीत दिसतो आणि तो स्वागतार्ह आहे. पण २५ प्रकारच्या त्या पदांत परिचारिका कुठेच नव्हती. गोळ्या देणारा मिश्रक हवा, रक्त तपासणारा तंत्रज्ञ हवा, हे विभागाला पटले आहे. मग रुग्णाजवळ थांबून त्याची नाडी, श्वास आणि चेहरा बघणारे, रात्रीतून काय बिघडू शकेल हे आधी ओळखणारे माणूस का नको? आरोग्य विभागाच्या भरतीतून आलेल्या परिचारिकेची नेमणूक कारागृहात होऊ शकते, हे खरे. मात्र तिची निवड त्या कामासाठी झालेली नसते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

धुळे जिल्हा कारागृह म्हटले की खानदेशाला १९३२ सालची विनोबांची गीता-प्रवचने आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी आठवतात. तो वारसा अभिमानाचा आहेच. आज मात्र देशभरातल्या कारागृहांत कोण आहे, ते आकड्यांत पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशात ४,३६,२६६ बंद्यांच्या जागेत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही अशी माणसे. त्या वर्षी कोठडीत १,९९५ बंदी दगावले. त्यांतले १,७७३ आजारपणाने किंवा वार्धक्याने गेले आणि ११९ जणांनी आत्महत्या केली. बातमी होते ती बराकीतल्या मारामारीची, पण जीव जातात ते बहुतेक आजाराने. आजार वेळेवर ओळखणे हे परिचारिकेचे रोजचे काम.

आपल्या भागात तर हे काम आणखी नाजूक आहे. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलची कळ उठते तेव्हा अंगावर जखम नसते, ताप असेलच असेही नाही, आणि माणूस मात्र वेदनेने गडाबडा लोळतो. ज्याला हा आजार ठाऊक नाही त्याला ते सोंग वाटणारच. भरपूर पाणी, ऊब आणि वेळेवर वेदनाशामक मिळाले तर बराच त्रास टळतो. ती कळ ‘नाटक’ म्हणून रात्रभर सोडून दिली तर जिवावर बेतू शकते. रोज दारू पिणारा माणूस पकडला जातो तेव्हाही असेच घडते. दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचे हात थरथरू लागतात, भास होतात, झटके येतात, आणि बराकीत त्याला वेडा ठरवले जाते. पहिल्या दिवशीच ‘किती पीत होता, शेवटची कधी प्यायली’ हे अहिराणीत किंवा पावरीत कोणी आपुलकीने विचारले तर पुढचे संकट टळते. गणवेशातल्या शिपायाला बंदी हे सांगणार नाही.

अशा कामासाठी माणूस निवडायचे कसे? सरकारी भरतीच्या प्रश्नपत्रिकेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि परिचर्येचे विषय असतात. त्यातून अभ्यास कळतो, पण दबावाखाली कोण काय करील हे कळत नाही. म्हणून कारागृहासाठीच्या निवडीत सविस्तर मुलाखत असावी, आणि वशिल्याला जागा उरू नये म्हणून सर्व उमेदवारांना तेच प्रसंग घालून लेखी गुण द्यावेत. रात्री एक बंदी छातीत दुखते म्हणतो आणि पहाऱ्यावरचा शिपाई ‘नेहमीचेच आहे’ म्हणतो, तेव्हा तुम्ही काय कराल? नव्याने आलेल्या बंद्याच्या पाठीवर वळ दिसले तर नोंद कशी कराल, आणि ती नोंद बदलायला कोणी सांगितले तर? या कामाकडे वळू पाहणाऱ्या परिचारिकांनी आणि ब्रदर्सनी तयारी याच दिशेने करावी. गोळी समोरच गिळायला लावणे, कारण साठवलेल्या गोळ्यांनी जीव देता येतो आणि बराकीत त्यांचा व्यापारही होतो. सुया-कात्र्या पाळी संपताना मोजणे. बाहेर चिठ्ठी किंवा निरोप न पोहोचवणे. बंद्याचा गुन्हा कोणता ते न विचारणे, ही शिस्त अंगी हवी. उमेदवारानेही समितीला दोन प्रश्न जरूर विचारावेत. रात्री तातडी आली तर दार उघडून रुग्णवाहिका निघेपर्यंत किती वेळ लागतो? आणि माझ्या वैद्यकीय निर्णयावर अंतिम शब्द कोणाचा? ज्या समितीला याची उत्तरे देता येत नाहीत, तिने आधी घरची व्यवस्था पाहावी.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांत स्पष्ट म्हटले आहे की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसांनीच घ्यायचा, तुरुंग अधिकाऱ्यांनी तो फिरवायचा नाही, आणि उपचार बाहेरच्या नागरिकाइतक्याच दर्जाचा हवा. इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगांतली आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवली, ती याच विचाराने. आपल्याकडेही कारागृहातल्या परिचारिकेचा गोपनीय अहवाल अधीक्षकांनी न लिहिता जिल्हा शल्यचिकित्सकांनी लिहावा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगतो. तेच प्रशिक्षण परिचारिकांनाही मिळायला हवे.

ग्रामीण आरोग्य केंद्रे परिचारिकांवाचून अडली असताना कैद्यांची चैन कशाला, असे कोणी म्हणेल. तक्रार रास्त आहे, पण एका जिल्हा कारागृहाला पाळ्या धरून मोजक्याच परिचारिका लागतात. शिवाय बंद्याला रुग्णालयात न्यायचे तर पोलिसांचा पहारा सोबत लागतो. कोणाला आत्ताच न्यायचे आणि कोणावर आतच उपचार होतील हे नीट ठरले तर ते मनुष्यबळ वाचते. क्षयरोग तर भिंत पाळत नाही. आज बराकीत खोकणारा कच्चा कैदी उद्या जामिनावर गावात येतो. सुरक्षिततेची भीतीही खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. एकटीने बराकीत जाणे नको, धोक्याची घंटा हाताशी हवी, शिपाई नजरेच्या टप्प्यात पण बोलणे ऐकू येणार नाही इतका दूर हवा. एवढे केले तर नातेवाइकांच्या संतापाला रोज तोंड देणाऱ्या अपघात विभागापेक्षा ही जागा अधिक असुरक्षित ठरू नये.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांत जिल्हा कारागृह आहे. प्रशिक्षणाचा पहिला वर्ग इथेच सुरू करता येईल, त्यासाठी मुंबई-पुण्याची वाट पाहायचे कारण नाही. कारागृह विभागाने पुढची जाहिरात काढताना त्यात परिचारिकेचे पद घालावे, आणि खानदेशातल्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी.