चमक गेली, खड्डा राहिला

“काका, हा रात्री पण चालतो.” गॉगलच्या दुकानातल्या पोराचं हे वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय. भाच्याने हौसेने मला पोलराइज्ड गॉगल घेऊन दिला, तेव्हाची ही गोष्ट. पोरावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने मला सांगितलं. पण त्याच्यावर विसंबून कुणी काळोखात काळी काच लावून लोंढ्याच्या रस्त्याला लागलं तर? म्हणून पावसाळी भाज्यांवरचा ठरलेला लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

श्रावणात मी दिग्गीला जातो, हे सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा आणि मग जंगलातली वळणं. यंदा खानापूर सुटलं आणि पावसाने उघडीप दिली. खाली ओला डांबरी रस्ता, वर लख्ख ऊन. एरवी अशा वेळी मी डोळे बारीक करून, स्टिअरिंगवर ओणवा होऊन गाडी हाकतो. गॉगल चढवला आणि रस्त्यावरची सगळी चकाकी पुसल्यासारखी गेली. बॉनेटवरचं ऊनही निवलं. लोंढ्यापर्यंत मी भाच्याला दुवा देत होतो.

कारण सोपं आहे. पाणी किंवा ओला रस्ता अशा आडव्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड बराचसा आडवाच थरथरत येतो. या काचा फक्त उभी थरथर आत सोडतात, म्हणून चकाकी अडते आणि बाकीचं दिसत राहतं. मान खांद्याकडे कलती केली की चमक परत येते. खरा गॉगल ओळखायची हीच खूण. एडविन लँड या अमेरिकन तरुणाने 1929 मध्ये अशा पातळ पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मुळात समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपू नयेत म्हणून. पण गाड्यांचे दिवे आजही साधेच आहेत. त्यांच्या उजेडाच्या थरथरीला ठरलेली दिशा नसते. म्हणजे रात्री हा गॉगल दिव्याबरोबर रस्त्यावरचा माणूसही अंधुक करतो. पिवळ्या काचांचंही तेच.

जोयड्यापुढे माझी फजिती झाली. तिथे झाडं रस्त्यावर ओणवी. घटकेत ऊन, घटकेत गच्च सावली. मी गॉगल काढला नाही. फोनवरचा नकाशा काळा पडला, त्याकडेही दुर्लक्ष केलं. पुढे तांबूस रस्ता सपाट दिसला म्हणून गाडी तशीच घातली आणि पुढचं चाक दाणकन खाली गेलं. खड्डा गढूळ पाण्याने काठोकाठ भरला होता. पाण्याची चमक असती तर शंभर पावलांवरून कळलं असतं. ती चमकच मी डोळ्यांवरून काढून टाकली होती.

दिग्गीत ज्यांच्या घरी मी उतरतो, त्यांनी ऐकून घेतलं आणि कोकणीत म्हणाले, आम्ही पावसात चमक बघूनच मोटारसायकल चालवतो. कुठे शेवाळ, कुठे पाणी, कुठे ओला पाचोळा, ते ती चमकच सांगते. मला हे पटलं, अगदी आतून पटलं.

दुपारी त्यांच्यासोबत ओहोळावर गेलो. काळी नदीचा उगम याच भागातला. उगमाकडचं पाणी लवकर निवळतं. सवयीने गॉगल लावला आणि थबकलो. वरचं आभाळ, झाडांची प्रतिबिंबं, सगळं नाहीसं झालं आणि तळ उघडा पडला. गोटे, त्यांच्या आडोशाचे खेकडे, बोटभर मासे. घरातल्या धाकट्याने गॉगल घेतला तो तासभर दिलाच नाही. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून बोटीने परतताना हेच करत होते. खिशातल्या निकोल प्रिझममधून समुद्र बघायचे, वरची चमक कापायचे. आभाळाचं प्रतिबिंब काढून टाकलं तरी समुद्र निळाच राहिला. तो रंग पाण्याचा स्वतःचा होता. तिथून सुरू झालेला विचार पुढे 1928 मधल्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत गेला.

हेच ओहोळ पुढे सुपा धरणात जातात. परतताना गणेशगुडीला वाट वाकडी केली. 101 मीटर उंच भिंत, मागे पसरलेलं पाणी. तालुक्याला ज्याचं नाव होतं ते सुपा गाव त्या पाण्याखाली आहे. कचेऱ्या जोयड्याला आल्या, बरीच माणसं रामनगरला. मी काठावर उभा राहून गॉगलमधून खाली पाहिलं. हातभर खोल दिसलं, पुढे नुसता गढूळ काळोख. तरी बराच वेळ पाहत राहिलो. एवढं मोठं गाव आणि त्याचा बाजार कुठे भरायचा, नदीवर कुठल्या वाटेने उतरायचं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

दिवेलागणीला गॉगल डबीत ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी घरी आलो. उघड्या रस्त्यावर, भर उन्हात तो जरूर लावा. झाडीत आणि अंधारात काढा.

आणि जुन्या सुप्यात ज्यांचं घर होतं, त्यांनी मला पत्र लिहा. बाजार कुठे होता, नदीची वाट कुठून होती, एवढं कळवलंत तरी पुरे.